खातेवहीचा संगणक निळा पडतो तेव्हा

मालेगावात आमच्या पेढीवर खातेवहीचा जो संगणक होता तो २०१३ साली घेतलेला. त्यावर विंडोज ७, आणि सूतवाल्यांपासून विणकरांपर्यंत सगळ्यांचा हिशेब. ज्या गृहस्थाने आम्हाला हिशेबाचा प्रोग्राम करून दिला त्याने हा धंदा केव्हाच सोडला, आणि तो प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये त्या डब्यातून खरखर आवाज येऊ लागला. जुन्या मागाचा आवाज आम्हाला कळतो, पण डब्यातला आवाज कोणाला कळणार? त्याच आठवड्यात २०२१-२२ सालच्या काही बिलांचा खुलासा मागणारी जीएसटीची नोटीस हाती पडली. मुदत तीस दिवसांची आणि बिले सगळी त्या डब्यात.

व्यापारी बंधूंना ठाऊक असेलच, पण सांगून ठेवतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या त्या सालचे वार्षिक विवरणपत्र भरण्याची जी शेवटची तारीख असते, तिच्यापुढे ७२ महिने वह्या सांभाळाव्या लागतात. 'संगणक बिघडला' हे काही उत्तर नव्हे.

माझा भाचा पुण्यात संगणकाचेच काम करतो. शुक्रवारी, बाजार बंद असतो त्या दिवशी, तो आला. डबा पाहिला आणि म्हणाला, "मामू, हे मशीन दुरुस्त करण्यात अर्थ नाही. याला दुसऱ्या मशीनच्या पोटात घालू."

मला वाटले पोरगा थट्टा करतो. पण ही गोष्ट आज सर्रास चालते. नव्या संगणकावर लिनक्स घालायचे. त्यात केव्हीएम नावाची सोय आहे, २००७ पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच येते आणि तिला दाम पडत नाही. ती सोय नव्या संगणकाच्या आत एक खोटा संगणक उभा करते. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, डिस्कही आहे, पण ती डिस्क म्हणजे प्रत्यक्षात नव्या संगणकावरची एक मोठी फाईल. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्या फाईलमध्ये उतरवली की आतल्या विंडोजला वाटते आपण आपल्या जुन्याच घरी आहोत.

निदान वाटायला पाहिजे होते. भाच्याने बटण दाबले, विंडोजचे चिन्ह आले, चार गोळे फिरले, आणि क्षणभर निळा पडदा चमकून संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तेच. माझ्या पोटात गोळा आला.

निळा पडदा म्हणजे काय

हा पडदा पाहून आपण घाबरतो आणि दुकानदाराला फोन करतो. आमच्याकडच्या बहुतेक दुकानदारांपाशी एकच औषध, 'फॉरमॅट मारा.' म्हणजे ताप आला की माणूसच बदला. म्हणून हा पडदा मुळात कशाकरिता असतो ते समजून घेणे आपल्याच फायद्याचे आहे.

संगणकात आपण वापरतो ते प्रोग्राम म्हणजे पेढीवर बसलेले गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला गोदामात जाता येत नाही, जे हवे ते मागावे लागते. गोदामाच्या किल्ल्या ज्याच्या हाती तो कर्नल, म्हणजे विंडोज असो वा लिनक्स, त्याचा गाभा. डिस्कशी, छपाई यंत्राशी, नेटवर्कशी बोलण्याकरिता कर्नलने ठेवलेले दुभाषे म्हणजे ड्रायव्हर. यांतले बहुतेक दुभाषे गोदामाच्या आतच वावरतात. गिऱ्हाईक चक्कर येऊन पडले तर त्याला उचलून बाहेर ठेवता येते. आतल्या माणसाने भलत्या ठिकाणी हात घातला तर कोणत्या मालाची काय गत झाली हे कर्नलला सांगता येत नाही. तेव्हा तो सगळे कामकाज जाणूनबुजून थांबवतो. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारण चालत राहिला तर सगळा तागा खराब होईल. तसेच हे. निळा पडदा हा बिघाड नव्हे, बिघाड पसरू नये म्हणून लावलेला ब्रेक होय.

त्या पडद्यावर सोळाच्या पाढ्यातला एक आकडा असतो आणि सगळी गोम त्या आकड्यात असते. आमचा संगणक तर आकडा वाचण्याआधीच पुन्हा सुरू होत होता. भाच्याने सुरुवातीलाच एफ-८ दाबून 'बिघाड झाल्यावर आपोआप सुरू होऊ नये' हा पर्याय निवडला. मग पडदा स्थिर झाला. आकडा होता ७बी. अर्थ असा की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच मिळत नाही.

मी म्हणालो, "मिळत नाही कशी? विंडोजचे चिन्ह मग आले कुठून?"

भाचा हसला, म्हणाला, "मामू, हाच तर सवाल आहे."

त्याचे उत्तर असे. सुरुवातीला संगणकाचा बायोस डिस्क वाचतो, त्याच्या मदतीने कर्नल आणि अगदी गरजेचे ड्रायव्हर मेमरीत आणले जातात. इथवर डिस्क दिसते. मग कर्नल कारभार हाती घेतो, बायोसला बाजूला करतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत डिस्क मागतो. तो ड्रायव्हर जवळ नसेल, किंवा असून रजेवर असेल, तर आत्ता समोर असलेली डिस्क त्याच्या लेखी नाहीशी होते.

भाच्याने डिस्क जोडताना व्हर्टिओ नावाची पद्धत निवडली होती. खोट्या संगणकाला डिस्क दाखवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे जुन्या खऱ्या डिस्कचे सोंग आणणे. प्रत्येक विंडोजला ती ओळखते, पण सोंग वठवण्यापायी बाहेरच्या संगणकाला घडोघडी मध्ये पडावे लागते, म्हणून काम मंद चालते. दुसरी तऱ्हा अशी की आतल्या विंडोजला सरळ सांगून टाकायचे : ही डिस्क खोटी आहे, सोंग नको, आपण दोघे मेमरीत एक सामाईक चलनबुक ठेवू. आतला चलन लिहितो की अमुक इतका माल अमुक पत्त्यावर हवा, ते चलन यादीला लावतो आणि घंटा वाजवतो. बाहेरचा काम उरकून 'झाले' या दुसऱ्या यादीत त्याचा नंबर टाकतो आणि उलट घंटा देतो. ही व्हर्टिओची युक्ती ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांची. जानेवारी २००८ मध्ये निघालेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती प्रथम आली. जलद आहे यात शंका नाही, पण तिचा ड्रायव्हर विंडोजबरोबर येत नाही, वेगळा घालावा लागतो. आमच्या विंडोजने व्हर्टिओचे नावही ऐकलेले नव्हते.

"मग जुनी तऱ्हा लाव," मी म्हणालो. त्याने आयडीई नावाची जुनी डिस्क दाखवली. पुन्हा ७बी! आता मात्र भाचाही गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने जुन्या डब्याची सेटिंग उघडून पाहिली. तिथे डिस्क एएचसीआय पद्धतीने जोडलेली होती. विंडोज ७ ची खोड अशी की बसवताना ज्या डिस्क-ड्रायव्हरची गरज पडली नाही त्याला ती सुरुवातीच्या हजेरीपटातून काढून टाकते. म्हणजे आयडीईचा ड्रायव्हर घरात होता, पण झोपलेला. भाच्याने खोट्या संगणकात एएचसीआयची साटा डिस्क लावली आणि विंडोज उघडली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी खाती उघडून एका विणकराची बाकी पाहिली, बरोबर होती.

व्हर्टिओचा ड्रायव्हर मग कसा घातला ती युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुख्य डिस्क साटावरच राहू दिली आणि तिच्या जोडीला एक जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टिओ म्हणून लावली. विंडोजला नवी वस्तू दिसली, तिने ड्रायव्हर मागितला, तो दिला. व्हर्टिओच्या नव्या आवृत्त्यांनी विंडोज ७ ला सोडले आहे म्हणून जुनी आवृत्ती शोधावी लागली. एकदा ड्रायव्हर हजेरीपटावर आला की संगणक बंद करून मुख्य डिस्कही व्हर्टिओवर आणायची आणि रिकामी काढून टाकायची. सरळ उडी मारली तर ७बी, पायरीने गेले तर काही नाही.

तीन दिवसांनी

भाचा पुण्याला गेला. तीन दिवस संगणक असा पळाला की मुनीमजी खूश. चौथ्या दिवशी दुपारी वर्षाचा खातेउतारा काढत असताना पडदा निळा. या वेळी आकडा डी१, आणि खाली नाव त्या व्हर्टिओच्या डिस्क-ड्रायव्हरचेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग एक दिवस सोडून पुन्हा. नोटिशीचे अठरा दिवस उरले होते.

गावातल्या एका जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, मेमरीची पट्टी खराब आहे, बदला. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "काही बदलू नका. पट्टी खराब असती तर दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडला असता. तीन वेळा एकाच जागी पडतो म्हणजे कारण एकच आहे. मला डंप पाठवा."

डंप ही मोठी कामाची चीज आहे. पडण्याच्या घटकेला कर्नल आपल्या मेमरीचा पंचनामा डिस्कवर लिहून ठेवतो. पण जो डिस्क-ड्रायव्हर कदाचित स्वतःच बिघडलेला आहे त्याच्या हातून पंचनामा कसा लिहायचा? म्हणून विंडोज सुरू होतानाच डिस्क-ड्रायव्हरची एक वेगळी प्रत बाजूला काढून ठेवते, तीही डंपपुरतीच वापरते, आणि आधीच ठरवून ठेवलेल्या पेजफाईलच्या जागेत मजकूर ओतते. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर त्याची नीट फाईल होते. पहिल्या दिवशी ७बी आला तेव्हा असा पंचनामा मिळालाच नव्हता, कारण डिस्कच सापडली नव्हती, लिहिणार कशावर?

एक इशारा मात्र देतो. डंपमध्ये मेमरीत जे काही होते त्यातले बरेच उतरते. गिऱ्हाइकांची नावे, बाक्या, कधी पासवर्डसुद्धा. ही फाईल वाटेल त्याच्या हाती देऊ नये. भाच्याच्या हाती देताना मला चिंता नव्हती.

त्याने विनडीबीजी नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या हत्याराने ती उघडली. डी१ बरोबर चार माहित्या मिळतात : कोणत्या पत्त्याला हात लावला, त्या वेळी कामाची पातळी काय होती, वाचत होता की लिहीत होता, आणि हात लावणारी सूचना कुठली. आमच्यात पातळी २ होती. या पातळीचे महत्त्व असे की तिच्यावर असताना कर्नलला थांबून वाट पाहण्याची मुभा नाही. मेमरीतला काही भाग डिस्कवर ठेवलेला असतो आणि लागेल तेव्हा आणला जातो, पण आणायचा म्हणजे थांबायचे आले. रोकड मोजण्याच्या मधोमध मुनीमजीला गोदामात पाठवता येत नाही, तसे. या पातळीवर कोणी हाताशी नसलेला पत्ता मागितला की डी१ ठरलेला. आमच्या डिस्क-ड्रायव्हरने जो पत्ता मागितला तो तर पत्ताच नव्हता, कचरा होता.

"म्हणजे ड्रायव्हर खराब," मी म्हणालो.

"नाही मामू. त्याला कोणीतरी खोटी चिठ्ठी दिली. जो पडला तो चोर असेलच असे नाही."

मग त्याने कर्नलमध्ये हजर असलेल्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी तारखांसह काढली. शे-दीडशे नावे. त्यांत एक २०११ सालचे. बॅकअपचा एक प्रोग्राम आम्ही डबा नवा असताना घेतला होता आणि पुढे काढूनही टाकला होता. प्रोग्राम गेला, पण त्याचा फिल्टर मागे राहिला. फिल्टर म्हणजे डिस्ककडे जाणारी प्रत्येक चिठ्ठी मधे थांबवून वाचणारा माणूस. मालक घर सोडून गेला आणि पहारेकरी बारा वर्षे दारात बसून राहिला!

संशय आणि पुरावा यांत फरक असतो. भाच्याने मला खोटा संगणक बंद करायला लावून त्याच्या फाईलची नक्कल करवून घेतली. हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा होय : पेढीचे काम मूळ प्रतीवर चालू राहते आणि चिरफाड नकलेवर. नकलेत त्याने ड्रायव्हर व्हेरिफायर सुरू केला. हा विंडोजचाच एक शिपाई आहे. ज्या ड्रायव्हरवर संशय असेल त्याला तो वेगळी मेमरी देतो, आणि ड्रायव्हरने ती परत केली की त्या जागेला कुलूप लावतो. परत केलेल्या जागेला पुन्हा हात लागला की जागच्या जागी पकड. एरवी काय होते, परत केलेली जागा लगेच दुसऱ्याला मिळते, पहिला उशिराने येऊन तिथे काहीतरी खरडतो, आणि पडतो तो बिचारा दुसरा. व्हेरिफायरमुळे संगणक मंद होतो, कधी सुरूच होत नाही. मग सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर रीसेट' अशी आज्ञा द्यावी लागते. चालू कारभाराच्या यंत्रावर हा प्रयोग कधीही करू नये.

नकलेत वर्षाचा खातेउतारा आणि जोडीला मोठे फोल्डर कॉपी करणे असे दोन्ही एकदम लावले. चाळीस मिनिटांत पडदा निळा. आकडा डी५ : परत केलेल्या मेमरीला हात लावला. नाव त्या २०११ च्या फिल्टरचे.

आता प्रश्न राहिला की बारा वर्षे हा गप्प कसा होता. हे ऐकून मला खरी मौज वाटली. विंडोजचे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा एक नियम आहे : चिठ्ठी पुढे पाठवली की तिला पुन्हा हात लावायचा नाही, कारण ती आता आपली राहिली नाही. हा फिल्टर चिठ्ठी पुढे सरकवून नंतर आपल्या टिपणात एक खूण करीत असे. काम पुरे झाल्याची घंटा आली की त्याचाच दुसरा भाग ते टिपण फाडून टाकी. जुनी फिरती डिस्क मंद होती. तिच्याकडून उत्तर यायला काही हजारांश सेकंद लागत, तोवर याची खूण करून होई. नव्या संगणकात फिरती डिस्क नाही, एसएसडी आहे, वर व्हर्टिओ जलद. एका प्रोसेसरवर हा चिठ्ठी सोडतो न सोडतो तोच दुसऱ्या प्रोसेसरवर काम पुरे होऊन टिपण फाटलेले असे. मग याची खूण पडे ती दुसऱ्याच्या कागदावर. चूक २०११ पासून तिथेच होती. यंत्र जलद झाले आणि ती उघडी पडली. मंद मागावर चालून गेलेले कच्चे सूत जलद मागावर तुटते, हे आमच्या जॉबरला सांगावे लागत नाही.

फिल्टर काढण्यातही एक खड्डा आहे. रजिस्ट्रीत डिस्क-वर्गाच्या नोंदीत 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' अशा दोन याद्या असतात. आधी त्या यादीतून नाव काढायचे, मग फाईल. उलटे केले, म्हणजे फाईल पुसली आणि नाव यादीत राहिले, तर विंडोज त्या गैरहजर माणसाची वाट अडवून बसते आणि पुन्हा तोच ७बी. यादीतली विंडोजची स्वतःची नावेही पुसू नयेत. भाच्याने आधी नकलेवर करून पाहिले, दोन दिवस ताण देऊन चालवले, मग मूळ प्रतीवर.

मोठ्यांचेही असेच

हे आमच्यासारख्या लहान पेढीपुरते आहे असे कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक माहिती-फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. विमाने अडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने पुढे जो अहवाल दिला त्यात कारण निघाले ते एवढेच : एका ठिकाणी २१ रकाने धरलेले आणि प्रोग्राम पुरवत होता २०. एकविसावा रकाना वाचायला गेला तो मेमरीच्या हद्दीबाहेर. प्रोग्राम बाहेरचा असता तर एकटाच पडला असता. तो कर्नलच्या आतला होता, म्हणून सगळे घर पडले. चुकीची फाईल सव्वा-दीड तासात मागे घेतली गेली. पण जे संगणक पडून राहिले होते त्यांतल्या बहुतेकांजवळ माणसाला जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, फाईल हाताने पुसावी लागली. ज्यांचे संगणक आमच्यासारखे फाईलीतले होते त्यांच्यापाशी आणखी एक वाट होती : आजारी संगणकाची डिस्क सोडवायची, चांगल्या संगणकाला जोडायची, वाईट फाईल काढायची आणि परत लावायची.

आमच्या नोटिशीचे उत्तर सव्विसाव्या दिवशी गेले, बिलांच्या छापील प्रतींसह. तो फाईलीतला संगणक आता इंटरनेटला जोडलेला नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची दुरुस्ती देणे बंद केले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची पाळी झाली. तेव्हा ज्यांच्या पेढीवर अजून ते आहे त्यांनीही विचार करून ठेवावा. गुरुवारी संध्याकाळी मुनीमजी तो संगणक बंद करतात, त्याची फाईल दोन वेगळ्या डिस्कवर उतरवतात, एक पेढीवर राहते आणि दुसरी माझ्या घरी. महिन्यातून एकदा घरची प्रत खरोखर उघडते का ते मी स्वतः पाहतो. खरखर करणारा डबा माळ्यावर ठेवला आहे. भाचा म्हणतो, भंगारात द्या, पण आधी त्यातली डिस्क काढून फोडा.